स्वरयंत्र

मराठीत 'स्वर' हा एकच शब्द दोन घरी नांदतो. व्याकरणाच्या तासाला अ, आ, इ, ई हे स्वर असतात आणि पेटीच्या पट्ट्यांवर बोटे ठेवली की सा, रे, ग, म हेही स्वरच असतात. पुष्कळ भाषांत या दोहोंना निरनिराळी नावे आहेत. आपण मात्र दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो आणि त्यावाचून आपले काही अडत नाही. आम्ही उभी हयात शाळेत विज्ञान शिकविण्यात घालविली. ध्वनीचा धडा किती वेळा शिकविला याची गणती नाही. तथापि हे दोन स्वर देहात दोन वेगळ्या ठिकाणी जन्म घेतात, ही गोष्ट आमच्या खरोखरी ध्यानी आली ती आमच्या चर्चच्या गायकवृंदाच्या मास्तरांचा आवाज गेला तेव्हा.

आमचा धर्मग्राम लहान. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेला, नागपूर महाधर्मप्रांताच्या नकाशावर बोटाने शोधावा लागेल असा. वसईकडील वाचकांना मोठमोठे गायकवृंद ठाऊक असतील. आमच्याकडे एक पेटी, एक ढोलक, दहा-बारा माणसे आणि मास्तर, एवढाच संसार. हे मास्तर शाळेतले नव्हेत. तीसएक वर्षे त्यांनी चर्चमध्ये पेटी वाजविली, गाणी बसविली, म्हणून सारे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांचा आवाज खर्जातला, ओलसर. नाताळच्या मध्यरात्री त्यांनी 'आ' लावला की मागच्या बाकावर पेंगणारी पोरेदेखील ताठ होत.

ज्या तेंदूच्या पानांवर आमच्या जिल्ह्यातील कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, त्याच पानांची विडी मास्तरांनी चाळीस वर्षे ओढली. २०२२ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या एका रुग्णालयात त्यांच्या घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्र काढून टाकावे लागले. आता ते मानेच्या पुढच्या बाजूस केलेल्या छिद्रातून श्वास घेतात. तोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध तुटला आहे. आम्ही भेटीस गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी शाळकरी पाटी होती. त्यांनी तिच्यावर लिहिले, "जखऱ्या." आम्हांस हसावे की रडावे कळेना. मग त्यांनी पुसून पुन्हा लिहिले, "त्याला मुलगा झाल्यावर तरी वाचा परत मिळाली. मला तर नात झाली, तीही बारा वर्षांची."

त्या वर्षीचा नाताळ आम्ही विसरू शकत नाही. तरुण मुले नोकरीसाठी नागपूर-पुण्यास गेलेली, मास्तर पहिल्या बाकावर मुके बसलेले, आणि गायकवृंदात उरलेली सहा माणसे. पोकळी भरावी म्हणून कुणीतरी विजेवर चालणारे कीबोर्ड वाद्य आणले व त्यावरील गायकवृंदाचा आवाज लावला. 'आऽ' असा तो आवाज निघाला खरा, पण तो कोणत्या देशीच्या माणसांचा होता कोण जाणे! गाण्यात 'ई' आली तरी तो 'आ'च म्हणे, 'ओ' आला तरी 'आ'च म्हणे. ते वैगुण्य काही त्या एका वाद्याचे नव्हते. १९९१ साली विद्युतवाद्यांसाठी १२८ नादांची जी सामायिक यादी ठरली, तिच्यात ५३ व्या क्रमांकावर गायकवृंदाचा 'आ' आणि ५४ व्या क्रमांकावर 'ऊ' आहे. इ, ए, ओ यांस जागा नाही. आ आणि ऊ एवढ्या शिदोरीवर प्रभूच्या जन्माचे गाणे कसे व्हावे? घरी आल्यावर आम्ही ठरविले की संगणकातील वाद्यासाठी सगळे स्वर म्हणणारी एक गाळणी आपणच करावयाची.

गाळणी हा शब्द वाचकांस चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे सांगतो. आपल्या गळ्यातील स्वरयंत्रात दोन पडद्या असतात. त्या फडफडतात तेव्हा जो आवाज निघतो तो गाणे तर नव्हेच, बोलणेही नव्हे. ती एक कर्कश भुणभुण असते. पण या भुणभुणीत मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे कितीतरी उपसूर दाटीने भरलेले असतात. त्यांच्यावर घशाची, जिभेची, टाळूची आणि ओठांची मिळून झालेली पोकळी काम करते. ती काही उपसूर उचलून धरते, काही दाबून टाकते. जीभ हलली की पोकळीचा आकार बदलतो, उचलले जाणारे उपसूर बदलतात, आणि आपण म्हणतो की 'आ'चा 'ई' झाला. म्हणजे सा-रे-ग-म हा गळ्याचा स्वर आणि अ-आ-इ-ई हा मुखाचा स्वर.

भंडाऱ्याच्या माणसास हे समजावयास पुस्तक नको. आमचे गाव पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. पाणी भरावयाचा रिकामा पितळी गुंड घ्यावा, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन हळूहळू सूर चढवीत जावा. एका विशिष्ट सुराला गुंड आपणहून घुमू लागतो, बाकीच्यांना ओळख देत नाही. त्यात थोडे पाणी घातले की त्याचा आवडता सूर वर सरकतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने १८६३ साली आपला ध्वनिविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. आवाजातले उपसूर वेगळे काढण्यासाठी त्याने वापरले ते असेच पोकळ गोळे. पुढे पॅरिसच्या कारागिराने ते पितळेचे घडवून विकले. आमच्या तांबटांच्या हाती ते काम गेले असते तर त्यांना जड गेले नसते, असे आपले आम्हांस वाटते.

आणि चर्चमधील मंडळींना ही विद्या त्याहून जुनी ठाऊक होती. युरोपातील मोठ्या ऑर्गनमध्ये 'व्हॉक्स ह्यूमाना', म्हणजे मानवी आवाज, या नावाच्या नळ्यांची एक ओळ असे. कंप पावणारी धातूची पत्ती आणि तिच्यावर आखूड नळी, अशी तिची रचना. पत्ती हा गळा आणि नळी हे मुख. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने स्पर्धा लावली की आ, ए, ई, ओ, ऊ या पाच स्वरांचे मर्म काय, आणि व्हॉक्स ह्यूमानाच्या धर्तीवर ते म्हणणारे वाद्य करता येईल काय. १७८० च्या सुमारास कोपनहेगनचे प्राध्यापक क्रात्सेनस्टाइन यांनी वेड्यावाकड्या आकाराच्या पाच नळ्या करून ते पारितोषिक मिळविले. त्यांनी वापरली ती मोकळी झुलणारी पत्ती. तीच जात पुढे १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये दबॅ यांच्या हार्मोनियममध्ये गेली आणि तेथून कलकत्त्याच्या वाटेने आपल्या देवळांत, तमाशांत, चर्चमध्ये आली. मास्तरांच्या पेटीतील पितळी पत्ती, जिला पेटीवाले रीड म्हणतात, ती बोलू पाहणाऱ्या नळ्यांची चुलत बहीण आहे. फक्त तिला मुख कोणी दिले नाही.

ते मुख संगणकात तयार करावयाचे होते. आम्ही 'प्युअर डेटा' ही मोफत मिळणारी प्रणाली घेतली. अमेरिकेतील मिलर पकेट यांनी ती १९९० च्या दशकात लिहिली. तिच्यात पडद्यावर चौकोन मांडावयाचे आणि रेघांनी जोडावयाचे असतात. आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसास ते सोईचे. संगणक आवाज अखंड धरून ठेवीत नाही. तो एका सेकंदाचे ४४,१०० भाग पाडतो आणि प्रत्येक भागासाठी एक आकडा ठेवतो. आवाज उचलून धरणारा गुंड तयार करावयाचा म्हणजे या आकड्यांवर एक साधा हिशेब करावयाचा: आत आलेल्या नव्या आकड्याचा थोडा वाटा घ्यावा, मागच्या क्षणी बाहेर पडलेल्या आकड्याचा मोठा वाटा त्यात मिळवावा, आणि त्याच्याही मागच्या क्षणाचा वाटा वजा करावा. एवढेच. झाडाला टांगलेल्या झोक्याचे असेच असते. तो आता कोठे जाईल हे आताचा धक्का आणि मागचे झुलणे मिळून ठरवितात. हे वाटे किती धरले यावरून झोका सेकंदाला किती वेळा झुलेल आणि किती लवकर थांबेल ते ठरते. एका रात्री आमच्या हातून एका वाट्याचे चिन्ह चुकले. झोका थांबावयाचा तो वाढतच गेला आणि ध्वनिक्षेपकातून अशी किंकाळी उठली की गल्लीतील कुत्र्यांनी तासभर तिला उत्तरे दिली.

एका स्वराला असे निदान तीन गुंड लागतात. त्यांचे आकडे आम्ही एका प्रसिद्ध तक्त्यातून उचलले. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ साली ३३ पुरुष, २८ स्त्रिया व १५ मुले अशा ७६ जणांचे इंग्रजी स्वर मोजले होते. पुरुषांच्या 'आ'साठी सरासरी ७३०, १०९० आणि २४४० हर्ट्झ. 'ई'साठी २७०, २२९० आणि ३०१०. 'ऊ'साठी ३००, ८७० आणि २२४०. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तितकी आंदोलने. प्रथम आम्ही तिन्ही गुंड शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा प्रत्येकाचा जोर वेगळा ठरवावा लागे आणि एक सुधारला की दुसरा बिघडे. मग ते एकापाठोपाठ एक जोडले. पहिल्यातून निघालेला आवाज दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात. तसे केल्यावर जोर आपोआप जुळले. तरीही आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखाच राहिला. पुष्कळ दिवसांनी कळले की दोष गाळणीत नव्हताच, सूर काठीसारखा ताठ होता. माणसाचा सूर सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित वरखाली होत असतो. तेवढे हलणे दिले आणि आमच्या अंगावर काटा आला. क्षणापूर्वीचा भुंगा खोलीत उभा राहून 'आ' म्हणत होता. अमेरिकेतील संगीतकार जॉन चाउनिंग यांना हेच मर्म आमच्या कितीतरी वर्षे आधी सापडले होते, हे नंतर वाचले.

मोठ्या उत्साहाने आम्ही तो आवाज मास्तरांच्या घरी नेऊन ऐकविला. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सारा धर्मग्राम माई म्हणतो, त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, आ बरा आहे जी. पन ए म्हनते तवा हा सायेब वाटून राह्यला."

माईंनी नेमके दुखणे पकडले. इंग्रजांचा 'ए' स्थिर नसतो, तो 'ई'कडे घसरतो. 'ओ' ओठांकडे घसरतो. त्यांच्या तक्त्यात आपला सरळ 'ए' नव्हताच. याच खटपटीत चार शतकांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स पडले असतील, असे मनात आले. ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले ते रोमन अक्षरांत. परक्या साच्यात मराठी उच्चार बसविताना त्या इंग्रज धर्मगुरूचे कान किती शिणले असतील! त्यांची अडचण उलट दिशेची होती, एवढेच.

तेव्हा आपल्या माणसांचे स्वर मोजणे आले. गायकवृंदातील मुलींचे प्रथम घेतले, पण ते जमेना. उंच सुरात उपसूर एकमेकांपासून फार दूर असतात, मधल्या रिकाम्या जागी पोकळी काय करीत आहे ते दिसत नाही. वरच्या सा च्या आसपास तर 'ई'चा पहिला गुंड मूळ सुराच्याही खाली राहतो, त्याला उचलावयास काही उरतच नाही. उंच पट्टीत गाणाऱ्यांचे शब्द का कळत नाहीत याचे कारण हेच. आम्ही वर्षानुवर्षे त्याचा ठपका मुलींच्या उच्चारांवर ठेवीत आलो, त्याबद्दल येथे त्यांची क्षमा मागतो.

मास्तरांना रुग्णालयातून एक उपकरण मिळाले होते. विजेरीवर चालणारे, मुठीत मावणारे. ते मानेला टेकविले की भुणभुणते, ती भुणभुण कातडीतून घशात शिरते, आणि माणूस ओठ-जीभ हलवून तिचे शब्द करतो. मास्तर ते वापरावयास लाजत. आवाज यंत्राचा, एकसुरी. शिवाय त्यात प आणि ब सारखेच ऐकू येत, 'बाप'चा 'बाब' होई. फेब्रुवारीच्या तीन तारखेस, संत ब्लेझच्या सणाला, फादरांनी रीतीप्रमाणे दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावली. मास्तरांची पाळी आली तेव्हा फादर क्षणभर थांबले, आणि मग त्या छिद्राच्या थोडे वर मेणबत्त्या टेकवून त्यांनी आशीर्वाद दिला. मास्तरांनी खिशातून ते उपकरण काढले, मानेला लावले आणि भर चर्चमध्ये 'आमेन' म्हटले. पोरे दचकली. आम्ही मात्र दुसऱ्याच कारणाने दचकलो. त्या 'आमेन'मधील 'आ' आणि 'ए' लख्ख होते. गळा गेला होता, मुख शाबूत होते.

स्थिर, खालचा सूर आणि त्यात दाटीने भरलेले उपसूर: स्वर मोजावयास याहून चांगले साधन नाही. त्या आठवड्यात आम्ही मास्तरांना ओसरीत बसवून एकेक स्वर म्हणावयास लावला आणि ॲमस्टरडॅमच्या ध्वनिशास्त्रज्ञांनी तयार केलेल्या 'प्राट' या मोफत प्रणालीवर तो तपासला. शस्त्रक्रियेनंतर घशाची नळी थोडी आखूड होते, त्यामुळे आकडे किंचित वर सरकतात, तेवढे वजा धरावे लागले. पण 'ए' सापडला. तो साहेबाचा नव्हता, झाडीपट्टीचा होता. व्यंजनांच्या बाबतीत आमची झाडीबोली काटकसरी आहे. ती 'ण'चा 'न' करते, 'ळ'चा 'र' करते, 'डोळा' न म्हणता 'डोरा' म्हणते. स्वर मात्र ती हात राखून म्हणत नाही. मास्तर 'ए' म्हणताना गाल इतके मागे नेत की प्राटच्या पडद्यावर ती रेघ जणू ताणलेली दिसे.

याच दिवसांत आणखी एक गंमत घडली. गाळणीला 'आ'वरून 'ई'वर जावयास सांगितले की ती एकदम उडी मारीत नाही, मधल्या आकड्यांवरून सरकत जाते. 'आ'चे ७३० व १०९० आणि 'ई'चे २७० व २२९० यांचा मध्य येतो ५०० व १६९०. सरकणे अर्ध्यावर थांबविले, आणि ध्वनिक्षेपकातून 'ए' ऐकू आला. 'आ'वरून 'ऊ'वर जाताना अर्ध्यावर थांबलो तर 'ओ'! महा आणि ईश मिळून महेश, महा आणि उत्सव मिळून महोत्सव, हे आम्ही सातवीत छड्या खाऊन पाठ केले होते. व्याकरणकारांनी 'ए'ला कंठतालव्य आणि 'ओ'ला कंठौष्ठ्य का म्हटले हेही तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आम्ही गाळणीचा चाप पुढेमागे सरकवीत बसलो. परम आणि ईश्वर. जन्मभर दिवसातून कितीदा तरी जो शब्द उच्चारला त्याच्या पोटातला तो सांधा प्रथमच कानांनी ऐकला. सरकणे जलद केले तर आणखी लाभ होई. 'ई'वरून 'आ'वर झटकन गेले की 'या' ऐकू येई आणि 'ऊ'वरून 'आ'वर गेले की 'वा'. सु आणि आगत यांचे स्वागत व्हावे तसे. केवळ स्वरांच्या यंत्राला दोन व्यंजने फुकट मिळाली.

आमचे लक्ष अर्थात 'आलेलुया'वर होते. आ, ए, उ, या: एक 'ल' सोडला तर सारा शब्द गाळणीच्या आवाक्यातला. पण 'ल'ला जिभेचे टोक लागते. ते गाळणीला नव्हते, आणि आम्ही कितीही खटपट केली तरी तेथे एक बोबडा 'उ' येई. त्यात २२ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आला. उपवासकाळात तो शब्द चर्चमध्ये उच्चारत नाहीत. मास्तरांनी पाटीवर लिहून बजावले की सरावातही म्हणावयाचा नाही. मग आम्ही संगणकास नुसते 'आ-ए-ऊ-आ' म्हणावयास लावले आणि मनाची समजूत घातली की यात 'ल' नाही, तेव्हा हा तो शब्द नव्हे. या पळवाटेला जुना आधारही आहे. मध्ययुगीन लॅटिन गीतग्रंथांत स्तोत्राच्या शेवटच्या 'सेक्युलोरुम आमेन' या शब्दांऐवजी त्यातील फक्त स्वर लिहीत, ए-उ-ओ-उ-आ-ए. चाल स्वरांवर चालते, व्यंजने गाणाऱ्यास ठाऊकच असत.

मार्चमध्ये गाळणी फादरांना ऐकविली. त्यांनी मन लावून ऐकले, आणि मग आपल्या कपाटातून एक जुने पुस्तक काढले. पोप पायस बारावे यांच्या अखेरच्या दिवसांत, ३ सप्टेंबर १९५८ रोजी, रोमहून पवित्र संगीताविषयी एक सूचनापत्र निघाले होते. फोनोग्राफ, टेप आणि तत्सम स्वयंचलित यंत्रे उपासनाविधीत वापरू नयेत, गायकवृंदाची जागा घेण्यासाठी नव्हे आणि त्याला नुसता आधार देण्यासाठीही नव्हे, असे त्यात म्हटले आहे. "त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद झाली," आम्ही म्हणालो, "१९६३ च्या दस्तऐवजाने आपल्या पेटी-ढोलकाला दार उघडले." फादर हसले. "सर, पेटीला दार उघडले, कारण पेटीमागे माणूस बसतो. तुमच्या या आवाजामागे मिस्सेला कोण बसले आहे?" आम्ही म्हणालो की चाप आम्ही सरकवू. ते म्हणाले, "मग सहा माणसे गातात त्यांची सात करा ना. तुम्ही स्वतः गा."

आमचा आवाज कसा आहे हे फादरांना ठाऊक नव्हते. पण त्यांच्या प्रश्नाचा पहिला भाग आम्हांस स्वस्थ बसू देईना. त्या आवाजामागे कोणीतरी होते. त्यातला 'ए' मास्तरांचा होता, आणि मास्तर पहिल्या बाकावर बसून होते.

मग एक जुनी हकिगत वाचनात आली. गिल्बर्ट राइट नावाच्या अमेरिकन माणसास विजेच्या वस्तऱ्याने दाढी करताना ध्यानी आले, असे सांगतात, की वस्तरा गळ्याशी असताना ओठ हलविले तर वस्तऱ्याची भुणभुण बोलू लागते. त्याने १९३९ च्या सुमारास 'सोनोव्हॉक्स' केले. गळ्याच्या दोन्ही बाजूंस छोटे ध्वनिक्षेपक, त्यांत वाद्याचा किंवा आगगाडीचा आवाज, आणि शब्द माणसाच्या मुखाचे. १९४१ च्या 'डंबो' चित्रपटातील बोलणारे इंजिन त्यातलेच. आवाज गमावलेल्या रुग्णांसाठी विजेचे स्वरयंत्र करणाऱ्या पहिल्या लोकांतही हाच राइट होता. आम्ही कपाळावर हात मारून घेतला. दोन महिने आम्ही संगणकात मुख घडवीत होतो, आणि मुख ओसरीत बसले होते. त्याला हवा होता फक्त गळ्याचा स्वर.

नागपूरच्या बाजारात कंप देणारी एक चकती मिळाली. टेबलाला चिकटविली की टेबलच वाजू लागते, तशा जातीची. पेटीच्या एका रीडचा आवाज आम्ही संगणकात भरला, सगळ्या पट्ट्यांवर पसरला, आणि तारेने छोट्या ध्वनिवर्धकातून चकतीपर्यंत नेला. जे कीबोर्ड नाताळात फजितीला कारण झाले तेच सूर बदलावयास पुढे ठेवले. ते वाजविणार मास्तरांची नात. चकती किती जोराने कंपावी, मानेवर कोठे टेकवावी हे आम्ही डॉक्टरांना विचारून घेतले. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. जागा सापडेना, घशाऐवजी खोलीच जास्त गुणगुणे. जबड्याखाली डावीकडे एक मऊ जागा होती, तेथे ती रुतली आणि मास्तरांनी 'आ'साठी तोंड उघडले. पेटी 'आ' म्हणाली. त्यांनी ओठ आवळले, पेटी 'ऊ' म्हणाली. माई स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

उपवासकाळ होता, म्हणून तेव्हा नुसते स्वरच म्हटले. मधल्या काळात आम्ही मास्तरांना वर्तमानपत्रातील एक बातमीही दाखविली. बंगळुरूचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. विशाल राव यांनी अशा रुग्णांच्या घशात बसविण्याची एक लहानशी झडप सुमारे ५० रुपयांत केली आहे, परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. तिच्याने फुप्फुसातली हवा पुन्हा घशात येते व माणूस बोलू शकतो. ती आपल्याला चालेल का हे डॉक्टर पुढल्या तपासणीत सांगणार होते. मास्तरांनी बातमी घडी करून बायबलात ठेवली आणि पाटीवर लिहिले, "बोलायला ती. गायला ही."

९ एप्रिल २०२३, ईस्टरचा रविवार. रात्रीच्या जागरणविधीत सहा जणांनी, आणि अखेर सातव्याने म्हणजे आम्हीही, जमेल तसे गाऊन घेतले होते. दुपारी मास्तरांच्या ओसरीत मंडळी जमली. फादरही आले. नात कीबोर्डपुढे बसली, बोटे घामेजलेली. मास्तरांनी चकती जबड्याखाली धरली, दुसऱ्या हाताने गायकवृंदाला खूण करीत तशी खूण केली, आणि तिने पहिली पट्टी दाबली.

पेटीचा सूर 'आ' झाला, आणि मग जिभेचे टोक वर टेकून सुटले. 'ले'. आमच्या गाळणीला दोन महिन्यांत न आलेला 'ल', ओला, स्पष्ट. पुन्हा 'लू'. आणि 'या', लांबवलेला, नातीचे बोट पट्टीवरून उठेपर्यंत. आवाज त्यांचा पूर्वीचा नव्हता, पेटीचा होता. त्यात खर्ज होता तो पितळेचा. पण माई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हे त्याहीचंच आहे जी. ए आईकलं ना?"

फादर काही बोलले नाहीत. आम्ही संगणकावरील आकडे पाहण्याचे सोंग करीत होतो. मास्तरांनी चकती खाली ठेवली, घाम पुसला आणि पाटी ओढून घेतली. आम्हांस वाटले आता ते काही मोठे लिहितील. त्यांनी लिहिले, "लू ला सूर उतरला. पोरगी घाई करते. पुन्हा." आणि पाटी नातीपुढे धरून त्यांनी हात वर केला.